जुनी थ्रॉटल बॉडी गॅरेजात सोडून आलो, तिथंच फसलो

माझी २००८ ची वॅगनआर, केए २२ पासिंग. गेल्या पावसाळ्यात सकाळी स्टार्ट केली की सिग्नलला बंद पडायला लागली, एकदा तर गोगटे सर्कलला भर गर्दीत, मागनं बसवाला हॉर्नवर हॉर्न. दुखणं एवढंच होतं बघा. पुढं जे झालं ते मी पैसे देऊन विकत घेतलं.

बेळगावातल्याच एका गॅरेजात नेली, नाव लिहीत नाही. मालकानं बॉनेट उघडून एअर फिल्टरचा पाइप काढला, आतल्या थ्रॉटल बॉडीत (इंजिनला जाणारी हवा झडपेनं कमी-जास्त करणारा भाग) बोट घातलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "काका, बॉडी संपली. कंपनीची आता येत नाही, बंद झाली. माझ्याकडं इंपोर्टेड हाय, बोअर (आतलं भोक) मोठा, पिकअप वाढतंय, अ‍ॅव्हरेज पण वाढतंय." ६,५०० बॉडीचे, ८०० मजुरी. आता वाटतं, ते काळं म्हणजे नुसता कार्बन होता, २००-२५० रुपयांच्या क्लीनरच्या डब्यानं आणि जुन्या टूथब्रशनं निघाला असता. पण गडी इतक्या आपुलकीनं बोलत होता, चहा मागवला, मी मान हलवली आणि झालं.

संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा चांगली चालली. जुनी बॉडी कुठाय विचारलं तर म्हणाला "ती भंगारात टाकली, काय करणार ते घेऊन, हात काळे होतील." मी पण बरं म्हणालो. इथंच चुकलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन गरम झालं आणि न्यूट्रलला आयडलिंग (पाय न देता इंजिनाचं फिरणं) वर-खाली व्हायला लागलं. माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, सगळं कानावर. वूंऽऽ करून चढायचं, धप्प करून पडायचं, परत वूंऽऽ. टिळकवाडीच्या रेल्वे गेटला थांबलो तर शेजारचा बाइकवाला बघून हसायला लागला, त्याला वाटलं मी रेस देतोय. एसी लावला की बंदच.

परत गेलो. मालक म्हणाला आयएसी व्हॉल्व्ह गेला, म्हणजे आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा. १,९०० दिले, तीन दिवसांनी तेच. मग थ्रॉटल सेन्सर, म्हणजे झडप किती उघडी ते सांगणारा, १,४००. मग प्लग, ६००. चौथ्या वेळी बॉडीवरचा लॉकनट लावलेला बारका स्क्रू पान्यानं फिरवला आणि म्हणाला आता बसली. बसली कुठली, आयडलिंगच एवढं चढलं की गाडी पाय न देता पळायला लागली. पाचव्या वेळी त्यानं तोंड बारीक केलं, "काका, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलंय. १४,००० होतील." तोवर ११,२०० गेले होते. बायको म्हणाली, त्याच्या पोराच्या लग्नाचा खर्च तुम्हीच करालासा काय.

ईसीएमचं नाव ऐकून मात्र डोकं ठिकाणावर आलं. मेहुणा संकेश्वरला असतो, त्याच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री, त्याच्याकडं नेली. सुतगट्टीच्या घाटात गाडी मस्त उतरली, हत्तरगी टोलला थांबलो की परत वूंऽऽ. मिस्त्रीला हे सांगितलं तर तो म्हणाला, त्यातच तुझं उत्तर हाय. घाटात आपण गिअरमध्ये पाय काढून उतरतो तेव्हा थ्रॉटल बंद आणि आरपीएम चढलेले असतात, मग ईसीएम पेट्रोल तोडतं, आरपीएम पडले की परत देतं. तुझ्या गाडीत जादा हवा कुठनं तरी आत घुसालीय, उभ्या गाडीत आरपीएम चढालेत, ईसीएमला वाटतंय गाडी उताराला हाय. पेट्रोल तोडलं, पडलं, दिलं, चढलं. ईसीएम शाणं हाय, पार्ट खोटा हाय.

मग त्यानं थंड इंजिन चालू करून बॉडीच्या जोडातल्या गॅस्केटच्या कडेला क्लीनरचा एकच फवारा मारला (गरम इंजिनवर हे करू नका, पेट घेतंय) आणि आवाज लगेच बदलला. बॉडी खोलली, बटरफ्लाय (आतली झडप) पूर्ण बंद करून ट्यूबलाइटला धरली. एका बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड. म्हणजे पाय काढला तरी झडप मिटतच नव्हती. आयएसीची सुई जिथं टेकते तिथं ओतकामाचा खरबरीतपणा तसाच, कानस पण मारली नव्हती. माझा चुलत भाऊ उद्यमबागेत लेथवर आहे, त्यानं नंतर व्हर्नियर लावला तर बोअर मॅनिफोल्डच्या (हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडापेक्षा दीड मिलिमीटर मोठा, गॅस्केटला धड बसायला जागाच नाही. "आमच्याकडं असला माल रिजेक्टच्या पेटीत पण ठेवत नाहीत" म्हणाला. आणि तो लॉकनटवाला स्क्रू, तो झडपेच्या टेकणीचा, फॅक्टरीत सेट केलेला असतो. तो फिरवला की बंद झडपेला सेन्सरचा आकडाच बदलतो आणि आयडलिंगवर आहोत हे ईसीएमला नीट कळत नाही. आयडलिंग बसवायला त्याला कोण हात लावत असेल तर तिथनंच गाडी काढून घ्या.

मिस्त्री म्हणाला, जुनी बॉडी आण, धुऊन देतो, ३०० रुपयांचं काम. जुनी बॉडी!

गॅरेजात फोन केला तर भंगार गेलं म्हणाला. "कंपनीची येत नाही" हे पण खोटं निघालं, कोल्हापुरात स्पेअरच्या दुकानात विचारलं तर मागवून देतो म्हणाले, महाग होती एवढंच. शेवटी गोकाकला एका भंगारवाल्याकडं ठोकरलेल्या वॅगनआरची ओरिजिनल मिळाली, २,२०० ला. साफ केली, नवीन गॅस्केट घातलं, मिस्त्रीनं स्कॅनर लावून दाखवलं, ८०० आरपीएमच्या आसपास थांबलेलं, एसी लावला तरी पडत नाही.

तक्रारीचं पण बघितलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, २ वर्षांच्या आत करायची, वकील लागतोच असं नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन पण करता येतो. पण माझ्याकडं जीएसटी बिल नाही, वहीचं फाटकं पान आहे, त्यावर 'बाडी ६५००' एवढंच, आणि यूपीआय गेलंय मालकाच्या बायकोच्या नंबरवर. तुम्ही निदान कामाआधी पार्टचा आणि खोक्याचा फोटो काढा, पक्कं बिल मागा, आणि जुना पार्ट पिशवीत घालून घरी न्या, हात काळे झाले तर झाले.

ती खोटी बॉडी भंगारवाल्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या भावात मागितली होती, दिली नाही. कोण गाडी घेऊन विचारायला आला की ट्यूबलाइटला धरून दाखवतो.