सुती, टेरीकॉट की पॉलिएस्टर?

"मावशी, इस्त्रीची कटकट नको आणि घामोळंही नको, असं कापड सांग ना." भाच्याला पहिली नोकरी लागली होती. डोंबिवलीहून ठाण्याची लोकल, दिवसभर ऑफिसचा एसी, संध्याकाळी परत तीच गर्दी. पाच शर्ट आणि तीन पँटी घ्यायच्या होत्या. त्यात गेल्या पावसाळ्यात मांडीत गजकर्ण होऊन गेलेलं. दोन्ही अटी पुऱ्या करणारं कापड मी अजून पाहिलेलं नाही. कुठल्या कपड्यासाठी कुठली अट सोडायची, एवढंच आपल्या हातात असतं.

फरक कुठून येतो ते आधी बघू. सर्वसाधारण हवेत सुती धाग्यात वजनाच्या आठेक टक्के ओल मुरलेली असते. लिनन आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) यांच्यात ती १२ टक्क्यांच्या आसपास जाते, नायलॉनमध्ये ४, आणि पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४. म्हणजे पॉलिएस्टरचा धागा घाम पीतच नाही. विणीतल्या फटींतून तो बाहेर गेला तर ठीक. खेळाच्या जर्सीत हीच करामत असते, आणि जाळीदार, सैल जर्सी खरंच झटकन सुकते. पण घट्ट विणीच्या फॉर्मल शर्टात घाम कातडी आणि कापडाच्या मध्ये अडकून बसतो. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की मानेवर, पाठीवर, कोपराच्या आतल्या बाजूला घामोळं उठतं.

मग डोळे मिटून सुती घ्यावं? थांबा. सुती कापड घाम पितं तसं तो धरूनही ठेवतं. मे महिन्यात हे चालतं, जुलैत नाही. दोरीवर दोन दिवस टांगलेलं बनियन हाताला कोरडं वाटतं; शिवण चिमटीत धरून पाहा, तिथे ते गारच लागतं. चड्डीच्या इलॅस्टिकचंही तेच. असा कपडा अंगावर चढवला की कंबर आणि जांघ म्हणजे बुरशीला आयतं घर. दमट सुतीपेक्षा खडखडीत वाळलेलं टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-सुतीचं मिश्र कापड, बरं, हे माझं मत सुतीच्या भक्तांना आवडत नाही. कोकणात एक पावसाळा काढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

गजकर्णाचा विषय निघालाच आहे तर सांगते. औषधांना सहज दाद न देणारी बुरशी गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बरीच पसरली. तिला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नावही मिळालं. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम चोळलं की खाज थांबते आणि चट्टा मात्र पसरत जातो. भाच्याने हेच केलं होतं. त्यावर उपाय त्वचेच्या डॉक्टरांकडे, कापडाच्या दुकानात नव्हे. सैल, कोरडा कपडा पुढची खेप टाळायला मदत करतो, इतकंच.

टेरीकॉट म्हणजे आपल्या शाळेच्या गणवेशाचं कापड. त्याचं जुनं ठरलेलं प्रमाण ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुती. टिकतं, लवकर वाळतं, चुरगळत नाही. उन्हाळ्यात बाकावर पाठ टेकली की काय व्हायचं तेही आठवत असेल. आता सुतीचा भाग जास्त असलेलंही मिळतं. घ्यायचंच तर ते घ्यावं. एसीत बसणाऱ्याला ते चालून जातं.

पॉलिएस्टरची दुसरी खोड वासाची. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या शर्टांना सुतीपेक्षा उग्र वास येत होता, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू त्यावर जास्त माजले होते. लोकलमधल्या शेजाऱ्यांचा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

खाजेचा दोष मात्र दर वेळी धाग्याचा नसतो, रंगाचाही असतो. पॉलिएस्टरला 'डिस्पर्स' नावाचे, पाण्यात जेमतेम विरघळणारे रंग लागतात आणि त्यांतले काही, विशेषतः गडद निळ्या-काळ्या छटांमधले, अॅलर्जीसाठी ओळखले जातात. काखेत, मांडीच्या आत, म्हणजे जिथे कापड घासतं आणि घाम असतो तिथेच पुरळ आलं तर आधी काळ्या लेगिंगवर संशय घ्यावा.

सुती यातून सुटतं असं समजू नका. 'नो आयर्न' म्हणून मिळणाऱ्या शुद्ध सुती शर्टावर बहुतेकदा चुरगळू न देणाऱ्या रेझिनचा हात दिलेला असतो, आणि त्यातल्या काही प्रकारांतून फॉर्मल्डिहाइड हे कातडीला त्रास देऊ शकणारं रसायन थोडं सुटतं. नवा शर्ट धुतल्याशिवाय घालायचा नाही, ही आजीची शिस्त इथे कामी येते.

बायकांच्या कपड्यांत फसवणूक अस्तरात असते. कुर्ता सुती, आत क्रेपचं पॉलिएस्टर अस्तर, म्हणजे अंगाला लागतं ते पॉलिएस्टरच. ब्लाउज शिवायला टाकताना अस्तर सुतीच लावायचं असं शिंप्याला बजावून सांगावं. परकराच्या बाबतीत तर कापडापेक्षा नाडी महत्त्वाची. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्क बायकांची माहिती प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेल्या नाडीने जखम होऊन पुढे त्वचेचा कर्करोग झाला होता. असं क्वचितच होतं, पण कमरेवर काळा, खरखरीत वळ अनेकींच्या असतो. नाडी सैल बांधावी किंवा रुंद पट्ट्याचा परकर घ्यावा.

गॅसपाशी कुठलंच कापड भरवशाचं नाही. सुती भराभर पेटतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. ओढणी खोचलेली हवी, एवढं नक्की. उन्हात शेतावर राबणाऱ्याला पातळ पांढऱ्या सुतीपेक्षा गडद, दाट विणीचं कापड ऊन जास्त अडवतं, मग ते पॉलिएस्टर का असेना. आणि 'बांबूचं कापड' म्हणजे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस. मऊ असतं, गार लागतं, पण बांबूचे जंतुनाशक गुण त्यात उतरतात म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

भाच्याने शेवटी तीन सुती शर्ट घेतले, दोन टेरीकॉटचे, पँटी थोड्या ढगळ, आणि सुती चड्ड्या-बनियनांचे आठ जोड, म्हणजे पावसात प्रत्येकाला वाळायला वेळ मिळेल. घरी आल्यावर 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या एका शर्टाच्या आतल्या शिवणीतून कापडाचे दोन धागे ओढले आणि चिमट्यात धरून मोरीत पेटवले. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, बोटाने चुरली की उडते. इथे धागा आक्रसला, काळा धूर आला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. दुसऱ्या दिवशी मणी आणि शर्ट दोन्ही घेऊन तो दुकानात गेला.