पुस्तक कुणाला विचारून घ्यावं : साइटला की दुकानातल्या माणसाला?

इंदुरात राहून मराठी पुस्तकं विकत घ्यायची, तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते : कुणाच्या सांगण्यावरून घ्यायची. पुण्याचा वाचक दुकानात शिरतो, तासभर चाळतो आणि आपलं आपण ठरवतो. आपल्याकडे खजुरी बाजारात पुस्तकांची दुकानं आहेत, पण तिथला मुख्य धंदा शाळा-कॉलेजच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. मराठी पुस्तकं एकगठ्ठा दिसतात ती नाटकाच्या दिवशी सभागृहाबाहेर मांडलेल्या टेबलावर, नाहीतर कधीमधी भरणाऱ्या प्रदर्शनात. वाचनालयांचा आधार मोठा आहे आणि तो कुणी सोडू नये, पण मी इथे विकत घेण्याबद्दल बोलतोय. त्यासाठी वाटा दोनच उरतात. एक, ऑनलाइन साइट आणि तिच्या पानाखाली सरकत जाणारी 'हेही पाहा'ची पट्टी. दुसरी, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाकडच्या एखाद्या जुन्या दुकानाला फोन लावायचा, तिथल्या माणसाला विचारायचं आणि पुस्तकं कुरियरने मागवायची.

मी दोन्ही वाटांनी पुस्तकं आणली आहेत, अजूनही आणतो. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या घरांतून हाच प्रश्न आला, विशेषतः नोकरीतून निवृत्त होऊन पुन्हा वाचायला बसलेल्या मंडळींकडून. म्हणून जे अनुभवाला आलं ते सविस्तर मांडतो. दर, सवलत, किती दिवसांत येतं हे सगळ्यांना माहीत आहे. साइट बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि लवकर पोचवते, त्यावर वाद नाही.

साइटच्या बाजूने आणखीही बोलता येईल. पुस्तकाचं नाव आणि लेखक पक्का ठाऊक असेल, तर साइटसारखी सोय नाही. रात्री अकरा वाजता आठवण झाली, तरी मागवता येतं. बंगळूरला राहणाऱ्या भाचीला वाढदिवसाचं पुस्तक परस्पर पाठवता येतं. आणि तुम्ही एकाच प्रकारचं वाचणारे असाल, म्हणजे फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या किंवा फक्त चरित्रं, तर तिथल्या शिफारशी तुम्हाला नाराज करणार नाहीत. त्या वाचकाला साइट सोडायला मी सांगणार नाही.

अडचण येते ती चौफेर वाचणाऱ्याची. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' मी साइटवरून मागवली. आपण नर्मदेचं पाणी पिणारी माणसं, परिक्रमेचं पुस्तक घरात हवंच. त्यानंतर कित्येक दिवस मला परिक्रमेशिवाय दुसरं काही दिसेना : परिक्रमेचे अनुभव, परिक्रमेचा नकाशा, परिक्रमेची मार्गदर्शिका. त्यातली काही चांगलीही असतील. पण ती कादंबरी वाचून माझ्या मनात जे राहिलं ते नदीकाठचं रान आणि त्या रानातून एकटा चालणारा माणूस.

हीच गोष्ट मी फोनवर दुकानातल्या काकांना सांगितली. (वयाने ते माझ्याएवढेच असतील, पण दुकानात सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही.) ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला परिक्रमेपेक्षा रानच आवडलेलं दिसतंय. मग माडगूळकरांचं 'सत्तांतर' घ्या." व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळीची आहे. नदी नाही, परिक्रमा नाही, देवधर्म नाही. साइटच्या हिशेबात या दोन पुस्तकांचं काही नातं नसेल, माझ्या हिशेबात होतं. ते पुस्तक मी एका बैठकीत संपवलं.

त्या दुकानातली माणसं थोडी जवळून सांगायला हवीत, कारण 'दुकान शिफारस करतं' असं आपण म्हणतो तेव्हा शिफारस प्रत्यक्षात एकेक माणूस करत असतो. काकांचा प्रांत आठवणी, आत्मचरित्रं आणि इतिहास. बिलावर बसणाऱ्या ताई विज्ञानकथा आणि रहस्यकथा वाचतात, आणि त्याबद्दल बोलायला लागल्या की बिल थांबतं. जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' मी त्यांच्या सांगण्यावरून घेतली. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. ही हकीकत पहिल्यांदा ऐकली ती ताईंच्या तोंडून, आणि ती ऐकल्यावर पुस्तक न घेणं शक्यच नव्हतं. पार्सल बांधणारा मुलगा कविता वाचतो. तो फार बोलत नाही, पण पुस्तकाच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावून गठ्ठा बांधतो, आणि कधी कधी बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने एखादी ओळ लिहून पाठवतो : 'पहिली २० पानं संथ आहेत, सोडू नका.' एवढ्या एका ओळीमुळे मी एक कवितासंग्रह आणि एक कादंबरी शेवटपर्यंत वाचली.

तीन माणसं, तीन आवडी. या तिघांच्या मध्ये उभं राहिलं की वाचन आपोआप एका प्रकारातून दुसऱ्यात जातं. बायकोने पाककृतींचं पुस्तक विचारलं, तेव्हा काकांनी दुर्गा भागवतांचं 'खमंग' काढलं आणि त्याच दमात 'ऋतुचक्र'ही घ्या म्हणाले. एक स्वयंपाकाचं, दुसरं वर्षाच्या बारा महिन्यांवरचं ललित. दुर्गाबाईंचा जन्म १९१० सालचा, आपल्या इंदूरचा, हे काकांना ठाऊक होतं. "तुमच्याच गावच्या की हो त्या," असं ते म्हणाले, तेव्हा मलाच बरं वाटलं. आता आमच्या घरी 'खमंग' ओट्याजवळच्या फळीवर आहे आणि 'ऋतुचक्र' माझ्या उशाशी.

इथपर्यंत दोन्ही बाजूंचं पारडं थोडं इकडे-तिकडे झालं असतं. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो त्रास मराठीतल्या जुन्या पुस्तकांपुरता तरी प्रत्येक वाचकाला कधी ना कधी होणार, असं मला वाटतं. तो म्हणजे आवृत्तीचा.

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' मला हवा होता. माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाने हे पुस्तक वाचलंच पाहिजे, असं माझं मत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हेतू. महूच्या आसपास पोचतात तो बंडाची खबर. पुढे झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. आपल्या पायाखालचा मुलूख, आणि तो एका गरीब भिक्षुकाच्या डोळ्यांनी.

आता या पुस्तकाची गोम अशी. भटजींनी ही हकीकत लिहिली ती चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून. (हे वैद्य म्हणजे ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश राहिलेले आणि महाभारतावर लिहिणारे विद्वान.) वैद्यांनी ती १९०७ साली छापली, पण भाषा आपल्या पद्धतीने नीटनेटकी करून, मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती आली १९६६ साली. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळी पुस्तकं वाचकांच्या हातात आहेत. एकात भटजी वैद्यांच्या मराठीत बोलतात, दुसऱ्यात स्वतःच्या. मला दुसरं हवं होतं.

साइटवर पुस्तकाच्या पानावर काय लिहिलेलं? पेपरबॅक, भाषा मराठी, पानं इतकी. संपादकाचं नाव नाही, प्रस्तावना कुणाची ते नाही, आतली दोन पानं पाहायची सोय नाही. खाली वाचकांचे अभिप्राय, आणि ते सगळ्या आवृत्त्यांचे एकत्र मिसळलेले. एक म्हणतो भाषा अगदी सोपी, दुसरा म्हणतो जुनी भाषा समजत नाही, तिसरा म्हणतो छपाई पुसट. कोण कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतोय, हे कळायला मार्ग नाही. आणि त्याखालच्या शिफारशींच्या पट्टीत पुन्हा हेच पुस्तक, वेगळ्या मुखपृष्ठाचं, जणू ते दुसरंच काही आहे. मी मागवलं, आली वैद्यांच्या पाठाची प्रत. परत केली. ग्राहक सेवेला लिहून विचारलं की मूळ संहितेची आवृत्ती यांपैकी कुठली. उत्तर आलं, तपशील पानावर दिलेला आहे. दुसऱ्या मुखपृष्ठाची मागवली, तर आत पुन्हा तोच मजकूर. पैसे दोन्ही वेळा परत मिळाले, तक्रार पैशांची नाही. ज्या यंत्रणेला आपण काय विकतो आहोत हे माहीत नाही, तिच्या 'तुम्हाला हेही आवडेल'वर मी का विसंबावं, हा माझा प्रश्न आहे.

दुकानात फोन केला. काकांनी पुस्तकाचं नाव ऐकताच पहिला प्रश्न केला : "वैद्यांची हवी, की मूळ बखरीवरून केलेली?" मी म्हटलं, मूळ. तर म्हणाले, "थांबा, फळीवरची बघून सांगतो." थोड्या वेळाने व्हॉट्सअॅपवर शीर्षकपानाचा आणि आतल्या एका पानाचा फोटो आला. शिवाय सल्लाही : घरातली मुलं वाचणार असतील तर वैद्यांची सरळ वाचली जाते, पण भटजी स्वतः बोलताना ऐकायचे असतील तर हीच. दोन्ही बाजू सांगून निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. असं सांगायला माणसाने दोन्ही वाचलेल्या असाव्या लागतात.

त्यानंतर लक्षात आलं की हा प्रश्न एका पुस्तकापुरता नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' संपूर्णही मिळतात आणि संक्षिप्तही. अनुवादांचं तर विचारू नका, एकाच बंगाली किंवा इंग्रजी कादंबरीचे दोन-तीन मराठी अनुवाद असतात आणि साइटवर पुष्कळदा अनुवादकाचं नावही दिसत नाही. पुस्तक सुचवायचं, तर त्यातली नेमकी कुठली प्रत घ्यायची हे सांगितल्याशिवाय ते सुचवणं निम्मंच राहतं.

दुकानाच्या बाजूच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काकांचं नव्या लेखकांकडे लक्ष कमी आहे. गेल्या दहा वर्षांतले कथाकार विचारले, तर ते फोन ताईंकडे देतात. दुकानाला आपला माल खपवायचा असतो, त्यामुळे फळीवर असलेलं पुस्तक आधी सुचवलं जाणार, हे धरून चालावं. नसलेल्या पुस्तकाला 'संपलंय' हे उत्तर मिळतं आणि पुढची आवृत्ती कधी, हे कुणी सांगू शकत नाही. कुरियरचा खर्च पुस्तकावर चढतो. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला ज्यांना अवघड वाटतं, त्यांची अडचणही मी समजू शकतो. आणि प्रत्येक दुकानात असे काका असतीलच, असंही नाही. काही ठिकाणी विचारलं की नुसती यादी पाठवतात. तसं झालं तर दुसरं दुकान शोधावं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून पटत नाही : विचारायचं दुकानात आणि मागवायचं साइटवरून, कारण तिथे थोडं स्वस्त. ज्या माणसाने आपल्यासाठी फळीवरून पुस्तक काढलं, पानांचे फोटो पाठवले, त्याच्या वाचनाचा मोबदला त्या एका विक्रीतूनच निघतो. तो निघाला नाही, तर उद्या त्याच्या जागी नुसतं बिल करणारं कुणीतरी बसेल, आणि इंदुरातल्या वाचकाला विचारायला कुणी उरणार नाही.

तेव्हा नाव पक्कं असलेलं नवं पुस्तक, अभ्यासाचं पुस्तक, परगावी पाठवायची भेट, यासाठी साइट ठीक आहे. जुनं पुस्तक, अनुवाद, किंवा 'आता पुढे काय वाचू' असा प्रश्न असेल, तर माझं मत दुकानाकडे झुकतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पण एकदा तरी फोन लावून पाहावा, असं मी सुचवेन.

लावाल तेव्हा 'काहीतरी चांगलं सांगा' असं म्हणू नका, त्यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. आवडलेली दोन-तीन पुस्तकं सांगा आणि अर्ध्यावर सोडलेलं एक जरूर सांगा, कारण त्यावरूनच त्यांना जास्त कळतं. 'हे तुम्ही स्वतः वाचलंय का?' असं विचारायला संकोच नको, चांगला विक्रेता त्याचा राग धरत नाही. तीन-चार पुस्तकं एकदम मागवली की कुरियर परवडतं. जूनमधली शाळेची गर्दी आणि दिवाळी अंकांचे दिवस टाळा, त्या वेळी दुकानात कुणालाही बोलायला सवड नसते. एरवी सकाळी अकराच्या सुमाराला फोन केलात, तर काका बहुधा मोकळे असतात.