पडद्यावरची गाडी रोज वापरायची झाली तर: डीलोरियन की टंबलर?

चित्रपटातली एक गाडी खरोखर घ्यायची म्हटलं की सगळे आधी वेग विचारतात. मी आधी दार बघतो. चढायचं-उतरायचं कसं, मागचं दिसतं का, पोचा आला तर काय.

'बॅक टू द फ्यूचर'मधली (१९८५) डीलोरियन मुळात बाजारात विकली गेलेली गाडी. उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ९,००० बनल्या. वर उघडणारी तिची दारं नखरेल वाटतात, पण त्यांना बाजूला जेमतेम फूटभर जागा पुरते. तेवढ्या फटीत साधं दार धड उघडतही नाही. खोड आहे ती खिडकीत: पूर्ण काच खाली जातच नाही, छोटा तुकडा सरकतो, टोलनाक्यावर हात काढण्यापुरता. स्टेनलेस स्टीलची बिनरंगी बॉडी गंजत नाही, मात्र बोटांचे ठसे लगेच उमटतात आणि पोचा पुट्टी-रंगाखाली झाकता येत नाही. इंजिन १३० अश्वशक्तीचं, म्हणजे बेताचंच. शिवाय चित्रपटातलीच हवी असेल तर मागे बसवलेलं कालप्रवासाचं यंत्र आरसा अडवणार. कालप्रवासाला प्लुटोनियम लागत असलं तरी रस्त्यावर ती पेट्रोलवरच चालते, हे एक बरं.

'बॅटमॅन बिगिन्स'चा (२००५) टंबलर दणकटपणात तिला कुठल्या कुठे मागे टाकतो. तो नुसता देखावा नव्हता. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन टनांवर वजन, आणि शिकागोच्या रस्त्यांवर खरोखर पळवलेला. पुढच्या चाकांना जोडणारा आडवा अ‍ॅक्सलही नाही, तरी उड्या मारून आपटल्यावर पुढे धावायचा. पण रुंदी सुमारे ९ फूट, नेहमीच्या कारच्या दीडपट! पार्किंगचा चौकोन विसरा. चिलखती पत्र्यांच्या मधून बाहेरचं दिसेल तेवढंच, त्यामुळे गल्लीत रिव्हर्स घेताना खाली उतरून कुणीतरी हात दाखवायला हवा.

'द स्पाय हू लव्ह्ड मी'मधल्या (१९७७) पाणबुडी होणाऱ्या जेम्स बाँडच्या लोटस गाडीचा मोह होत असेल तर एवढंच: पाण्याखाली चालणारी बॉडी वेगळी होती, ती रस्त्यावर धावत नव्हती, आणि आत पाणी भरायचं, म्हणून चालक पाणबुड्याच्या पोशाखात.

मोकळं माळरान आणि मोठी शेड असेल तर खुशाल टंबलर घ्या. नाहीतर डीलोरियन, तीही मागच्या यंत्राशिवाय. अमेरिकेत विकलेल्या डीलोरियनचा स्पीडोमीटर ताशी ८५ मैलांवर संपायचा. चित्रपटातल्यासारखे कालप्रवासासाठी ८८ गाठायचे नसतील तर तेवढे पुरे.