रॉयल मॅट, साधं रॉयल की रॉयल शाइन?

एशियन पेंट्सच्या रॉयल मालिकेतल्या या तिन्ही इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगांमध्ये) एकच शेड घेतली, तरी भिंतीवर ती तीन तऱ्हेची दिसते. फरक चकाकीचा. रंगात बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट घटक) जास्त आणि पावडर कमी असली की वाळलेला थर गुळगुळीत, घट्ट बसतो. तो चमकतो आणि पुसताही येतो. मॅटमध्ये पावडर जास्त असते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि भिंतीचा उंचसखलपणा झाकला जातो. मळ मात्र लवकर धरतो.

हॉल आणि बेडरूमला आमची पसंती साध्या रॉयलला, म्हणजे सॉफ्ट शीनला, हलक्या चमकीच्या रंगाला. स्विचबोर्डभोवतीचे बोटांचे डाग ओल्या फडक्याने निघतात. मॅटवर तेच फडकं चार वेळा फिरवलं की तेवढीच जागा चकचकीत होते आणि बाजूने बघितलं की डोळ्यांत भरते. म्हणून मॅट हात न लागणाऱ्या भिंतींना. छताला तर यातलं काहीच नको, एशियन पेंट्सचंच साधं पांढरं ट्रॅक्टर इमल्शन पुरतं.

शाइन दिसतं देखणं, पण लांबीकाम, म्हणजे पुट्टी भरून भिंत सपाट करणं, चोख असेल तरच घ्या. खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर तिरपा उजेड पडतो आणि लांबी ओढायच्या पट्टीची प्रत्येक रेघ उठून दिसते. रात्री दिवे घालवून बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरा. सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण करा, लांबी भरा, 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि त्या जागी पुन्हा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारून घ्या. कंटाळा केला जातो तो नेमका याच प्रायमरचा. कोरडी लांबी रंगातला बाइंडर शोषून घेते आणि चमकत्या भिंतीवर निस्तेज ठिपका उरतो.

दुसरी गडबड पाण्याची. पाणी डब्यावरच्या प्रमाणातच, मापाने घालायला लावा. अंदाजे मगभर पाणी ओतलं की प्रत्येक बादलीची चकाकी वेगळी. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता ओढायची; मध्येच चहाला थांबलं तर जोड दिसतो. रंगाच्या दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त.

10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट: भिंती 440 चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता साधारण 380. दोन हातांना लिटरमागे 130 चौरस फूट धरले तर तीन लिटर लागतात. चारचा डबा घ्या. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा, खिळ्याची भोकं बुजवताना लागतो. मॅटवर तो मिसळून जातो. शाइनवर ठिगळ दिसतं, तिथे अख्खी भिंतच पुन्हा रंगवावी लागते.

रंग झाल्यावर पहिला महिनाभर कुठल्याच भिंतीला ओलं फडकं लावू नका.