पाण्यात विरघळणारी पिशवी आणि आमच्या बाजारपेठेची फसवणूक

दुकानदारांना ‘पर्यावरणपूरक’ पिशव्या आणि त्यासोबत ‘हरित दुकान’ असा फलक विकणारी काही मंडळी सध्या तालुक्याच्या गावांतून फिरत आहेत. सांगली जिल्ह्यातील आमच्या बाजारपेठेत त्यांनी व्यवहार कसा केला, हे मी येथे तपशिलाने लिहीत आहे. व्यापारी संघाचे हिशेब माझ्याकडे असल्यामुळे बिले, पावत्या आणि प्रमाणपत्रांच्या प्रती अशी सर्व कागदपत्रे माझ्या नजरेखालून गेली आहेत. ज्या गावांत ही मंडळी अजून पोहोचलेली नाहीत, तेथील व्यापाऱ्यांना या मजकुराचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

अशा विक्रेत्यांना आमच्यासारख्या गावांत गिऱ्हाईक सहज का मिळते, हे आधी सांगितले पाहिजे. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी ती तरतूद आहे. दिवसाला दोन-अडीच हजारांचा गल्ला असलेल्या भाजीवाल्याला पाच हजारांची पावती म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यात माझी वसुंधरा अभियान आणि स्वच्छ सर्वेक्षण यांच्या निमित्ताने नगरपरिषदेचाही बाजारपेठेकडे आग्रह असतो. दुसरीकडे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते आणि पिशवी दिली नाही तर पुढच्या दुकानात जाते. या कात्रीत सापडलेल्या दुकानदाराला कायद्यात बसणारी आणि परवडणारी पिशवी मिळते म्हटल्यावर तो ऐकून घेणारच.

संघाच्या मासिक सभेला दोन प्रतिनिधी आले. त्यांनी प्रोजेक्टर, पुस्तिका असे काही आणले नव्हते. त्यांच्याकडे एक काचेचे भांडे, गरम पाण्याचा थर्मास आणि पिशव्यांचा एक गठ्ठा होता. एकाने पिशवीचा तुकडा कापून भांड्यात टाकला, वरून गरम पाणी ओतले आणि चमच्याने ढवळले. बघता बघता तुकडा दिसेनासा झाला आणि पाणी किंचित गढूळ झाले. मग त्याने ते पाणी सर्वांदेखत दोन घोट पिऊन दाखवले. “अण्णा, मक्याचा स्टार्च आहे हा, जनावराच्या पोटात गेला तरी पचतो,” असे तो म्हणाला. दूध डेअरी चालवणाऱ्या एका वहिनींनी तेव्हाच विचारले होते, “मग यात दही बांधून दिले तर घरी पोहोचेपर्यंत पिशवी राहील का?” या प्रश्नावर तो हसला आणि ‘थंड पाण्याला काही होत नाही’ एवढे बोलून पुढच्या विषयाकडे वळला. त्या सभेत विचारला गेलेला नेमका प्रश्न तोच होता, असे माझे मत आहे.

याचे कारण असे की कंपोस्ट होणारी, म्हणजे कुजून खत बनणारी, पिशवी पाण्यात विरघळत नाही, मग पाणी गरम असो वा गार. अशा पिशव्या बहुधा पीबीएटी नावाच्या बहुवारिकात (कुजू शकणाऱ्या एका प्लास्टिकमध्ये) पीएलए हे वनस्पतिजन्य प्लास्टिक किंवा स्टार्च मिसळून बनवतात. त्यांचे विघटन सूक्ष्मजीव करतात आणि त्यासाठी उष्णता, ओलावा आणि काळ लागतो. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठीच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाच्या चाचणीत सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, जास्तीत जास्त १८० दिवसांत, पदार्थातील ९० टक्के कार्बनचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे लागते. गरम पाण्यात क्षणार्धात विरघळते ती पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या जलविद्राव्य पदार्थाची फिल्म, आणि तिच्यात ओला माल बांधता येत नाही. सभेतला प्रयोग खरा होता, पण ज्या पिशवीवर तो केला ती विकायला आणलेली नव्हतीच.

कागदपत्रांचीही तीच तऱ्हा होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत आणि प्लास्टिक तपासणाऱ्या एका शासकीय संस्थेचा चाचणी अहवाल, असे दोन कागद त्यांनी प्रत्येकाच्या हाती दिले. पुढे मंडळाच्या संकेतस्थळावरील यादीत शोधले तेव्हा प्रमाणपत्राचा क्रमांक सापडला. मात्र ते परराज्यातील दुसऱ्याच एका उत्पादकाचे होते आणि आमच्या बिलांवरील विक्रेत्याचे नाव त्या यादीत कोठेच नव्हते. चाचणी अहवालही बनावट नव्हता, पण तो कच्च्या मालाच्या दाण्यांच्या एका नमुन्यापुरता होता आणि त्याच्या तळाशी ‘हा निष्कर्ष फक्त सादर केलेल्या नमुन्यास लागू’ असे बारीक अक्षरांत छापलेले होते. अस्सल कागद भलत्याच मालासाठी दाखवणे, हीच या मंडळींची सारी हातोटी. बनावट कागद केव्हा तरी उघडा पडतो, पण अस्सल कागदावर कोणी सहसा संशय घेत नाही.

भाव साध्या पॉलिथिनच्या पिशवीपेक्षा किलोमागे थोडासाच जास्त सांगितला होता. पीबीएटी आणि पीएलए हा कच्चा मालच पॉलिथिनपेक्षा बराच महाग असल्याने इतक्या कमी फरकात अस्सल माल देणे कोणाला परवडणार नाही, हे या धंद्यातील कोणीही सांगेल. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल उतरल्यावर, असे ठरले. संघाच्या नावाने एकत्र बिल द्या, असे आम्ही सांगितले असता ‘प्रत्येक दुकानाला वेगळे बिल दिले की कर वजावटीला सोपे जाते’ असे कारण देऊन त्यांनी दुकानवार बिले फाडली. त्यातले प्रत्येक बिल पन्नास हजारांच्या आतले होते. परराज्यातून येणारा माल पन्नास हजारांवर गेला की ई-वे बिल लागते आणि वाहनाची व मालाची नोंद राहते. तुकडे केलेल्या बिलांमुळे ती नोंद राहिली नाही. शिवाय नुकसानही इतके विभागले गेले की एकट्या दुकानदाराला पोलीस ठाण्याची पायरी चढावीशी वाटू नये.

माल टेम्पोने आला. पिशव्या फिकट हिरव्या, हाताला जराशा खरखरीत होत्या आणि त्यांवर पानाचे चित्र व ‘मक्यापासून निर्मित’ ही अक्षरे होती. उत्पादकाचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, ‘कंपोस्टेबल’ हे लेबल किंवा मानकाचा उल्लेख यांपैकी काहीही छापलेले नव्हते. नगरपरिषदेच्या पथकाने तपासणीत नेमके हेच पाहिले, गठ्ठे जप्त केले आणि काही दुकानदारांना पाच-पाच हजारांच्या पावत्या दिल्या. प्रतिनिधींनी दिलेले कागद दाखवून पाहिले, पण कागदावरचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नसल्यामुळे पथकाने ते मानले नाहीत, आणि त्यात पथकाचे काही चुकले असे मला वाटत नाही. संघाने एका खासगी प्रयोगशाळेत पिशवीची इन्फ्रारेड चाचणी करून घेतली. अहवालात पॉलिथिन आणि त्यात भरीला घातलेले कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची भुकटी, असे आले. ती खरखर या भुकटीची होती. तिच्यामुळे पिशवी लवकर फाटते आणि लवकर फाटणारी पिशवी लवकर कुजते असा लोकांचा समज होतो. पाण्यावर तरंगते की बुडते, हे पाहून पिशवी ओळखण्याची पद्धत दुकानदारांत आहे. भुकटीने वजन वाढलेले पॉलिथिनही बुडू शकते, त्यामुळे त्या पद्धतीवर विसंबता येत नाही. पेटवल्यावर मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथिनचा संशय घ्यावा, पण तोही संशयच. पुरावा म्हणून चालतो तो प्रयोगशाळेचा अहवाल.

‘हरित दुकान’ फलकासाठी वार्षिक शुल्क वेगळे घेतले होते. फलकावर क्यूआर कोड होता आणि तो स्कॅन केला की हिरव्या बरोबरच्या खुणेसह ‘प्रमाणित’ असे पान उघडत असे. ते पान विक्रेत्याच्याच संकेतस्थळावरचे होते. विक्रेत्याने स्वतःच स्वतःला दिलेल्या या प्रमाणपत्राला कायद्यात कसलाही आधार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द वापरणाऱ्याने त्याला पडताळता येण्याजोगा आधार दिला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. असा फलक दुकानावर लावणारा दुकानदारही आपल्या गिऱ्हाइकांपुढे तोच दावा करत असतो, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक बाब बऱ्याच व्यापाऱ्यांना ठाऊक नसते. २०१८ च्या मूळ अधिसूचनेत कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना दिलेली सूट रोपवाटिका, फलोत्पादन, शेती आणि घनकचरा हाताळणी यांच्यासाठी होती. किराणा बांधून देण्याच्या पिशवीला ती आपोआप लागू होत नाही. नंतर नियमांत दुरुस्त्या झालेल्या आहेत, म्हणून अस्सल माल मिळत असला तरी आपल्या वापरासाठी तो चालतो का, हे नगरपरिषदेकडून किंवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडून लेखी घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नये. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून त्याची नोंदणी चालू आहे ना आणि मालाच्या यादीत प्लास्टिकच्या पिशव्या आहेत ना, हेही पाहावे. आमच्या विक्रेत्याची नोंदणी पुढे स्थगित झालेली दिसली आणि दोन्ही प्रतिनिधींचे फोन बंद लागू लागले.

दाद मागण्याच्या बाबतीत आमचा अनुभव असा की व्यापारी उपयोगासाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक आयोगाकडे जाणे सोपे नाही. कायद्यात अपवाद आहे तो स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी खरेदी करणाऱ्यांचा, आणि आपण त्यात बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून संघाने सर्व दुकानदारांची बिले एकत्र जोडून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली. ज्याचे प्रमाणपत्र वापरले गेले त्या उत्पादकालाही कळवले, आणि त्याने ‘या विक्रेत्याशी आमचा संबंध नाही’ असे पत्र दिले, जे तक्रारीला जोडले आहे. तपास चालू आहे. पैसे परत मिळालेले नाहीत आणि दंडाच्या पावत्याही रद्द झालेल्या नाहीत.

ज्यांच्याकडे असा माल आधीच येऊन पडला आहे त्यांनी तो जाळू नये किंवा घाईने विल्हेवाट लावू नये. एक न फोडलेला गठ्ठा दोन साक्षीदारांसमोर बांधून, त्यावर सह्या घेऊन, बिल आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्टीसह बाजूला ठेवावा. उरलेला माल नगरपरिषदेकडे स्वतःहून जमा करून त्याची पोच घ्यावी. पैसे ऑनलाइन दिले असतील आणि व्यवहार ताजा असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.