फॉलआउट ४, सर्व्हायव्हल मोडवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा गेम नोव्हेंबर २०१५ चा. तरी इंदूरमध्ये मध्यम ताकदीचा पीसी असलेल्या कुणाला जगबुडीनंतरचा मोठा ओपन वर्ल्ड आरपीजी (मोकळ्या जगात पात्र घडवत खेळायचा गेम) हवा असेल, तर पहिलं नाव आजही हेच. अट एकच: सर्व्हायव्हल मोडवर, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीवर, खेळा. नॉर्मलवर नकाशावर क्लिक केलं की बॉस्टनच्या दुसऱ्या टोकाला पोचता, आणि २०७७ च्या अणुयुद्धात पडलेलं ते सगळं शहर नुसतं मागचा पडदा होऊन राहतं. सर्व्हायव्हलमध्ये नेहमीचा फास्ट ट्रॅव्हल बंद, सेव्ह फक्त झोपल्यावर, भूक-तहान सुरू आणि काडतुसांनाही वजन. मग प्रत्येक गल्लीत शिरण्याआधी विचार करावा लागतो. या प्रकारच्या गेमची खरी ओढ तिथेच आहे.

वजनाचं गणित आधी नीट समजून घ्या. ओझ्याची मर्यादा ७५ अधिक स्ट्रेंग्थच्या (पात्राच्या ताकदीच्या) प्रत्येक गुणामागे १०, म्हणजे स्ट्रेंग्थ ३ असेल तर जेमतेम १०५. एक फ्यूजन कोर (पॉवर आर्मरची बॅटरी) ४ वजनाचा, मिनी न्यूक (छोटा अणुबॉम्ब) १२ चा. म्हणून करिष्मा (छाप पाडण्याची ताकद) ३ ठेवून लोन वाँडरर हा पर्क (खास क्षमता) लवकर घ्यावा: पहिल्याच पायरीला ५० ओझं वाढतं आणि मार १५ टक्के कमी बसतो. डॉगमीट हा कुत्रा बरोबर असला तरी हा पर्क चालतो.

भंगार मात्र उचलायचंच. टेबल फॅनमधून स्क्रू निघतात, फोनमधून तांबं आणि सर्किट. पण बंदुकीची जवळपास प्रत्येक सुधारणा अडते ती डिंकापाशी, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हपाशी, आणि ते शोधत हिंडण्यापेक्षा पिकवणं सोपं. ३ मका, ३ मटफ्रूट, ३ टॅटो (मटफ्रूट आणि टॅटो ही गेममधली पिकं) आणि १ शुद्ध पाणी चुलीवर शिजवलं की एक व्हेजिटेबल स्टार्च होतं, त्यातून ५ अ‍ॅडहेसिव्ह. तुम्ही वसवलेल्या वस्तीतला एक माणूस ६ अन्नापुरती शेती सांभाळतो: मटफ्रूटची ६ झाडं, किंवा मक्याची अथवा टॅटोची १२. हातपंप ३ पाणी देतो. वस्तीचा डिफेन्स अन्न आणि पाण्याच्या बेरजेपेक्षा कमी ठेवू नका, हल्ले वाढतात. करिष्मा ६ झाला की लोकल लीडर पर्क घेऊन वस्त्या सप्लाय लाइनने जोडा, म्हणजे एका गावचं भंगार दुसऱ्या गावच्या वर्कशॉपमध्ये वापरता येतं. एक जुना बग अजून तसाच आहे: लांबून पाहिलं तर पिप-बॉयवर (मनगटावरच्या संगणकावर) वस्तीतलं पाणी किंवा खाटा कधीकधी कमी दिसतात. तिथे जाऊन खात्री केल्याशिवाय नवीन काही बांधत बसू नका.

झोपेची जागा हा या मोडचा कणा. स्लीपिंग बॅगवर ३ तास, गादीवर ५, पूर्ण झोप फक्त धड पलंगावर. सँक्च्युअरी, स्टारलाइट ड्राइव्ह-इन आणि डायमंड सिटीलगतची हँगमन्स अ‍ॅली या तीन ठिकाणी पलंग टाकले की उत्तरेकडून शहरात उतरायची वाट बांधली जाते. कच्चं मांस खाऊ नका, आजार जडतो. रॅडअवे किरणोत्सर्ग उतरवतं खरं, पण भूक, तहान, थकवा वाढवतं आणि आजाराची शक्यताही. डॉक्टर परवडत असेल तर तोच बरा. रिकाम्या बाटल्या फेकू नका, पंपावर भरता येतात.

असं पायी हिंडताना जे हाती लागतं ते क्वेस्टच्या (नेमून दिलेल्या कामांच्या) यादीत नसतं. सफोक काउंटी चार्टर स्कूल पाहा. आतले फेरल घूल (किरणोत्सर्गाने पिसाळलेली माणसं) गुलाबी रंगाचे आहेत. का, ते टर्मिनल (तिथला जुना संगणक) वाचल्यावर कळतं: सरकारी पैशाच्या बदल्यात शाळेने पोरांना फक्त गुलाबी पेस्ट खायला घालायचं कबूल केलं होतं. कुणी समोर येऊन गोष्ट सांगत नाही. तुम्ही टर्मिनल उघडलं नाही, तर ती तिथेच पडून राहते. मुख्य कथा याच्या तुलनेत फिकी आहे आणि संवादात चारच पर्याय, तेही बहुतेक एकाच दिशेला नेणारे. संवाद आणि निवडी महत्त्वाच्या असतील तर याच मालिकेतला २०१० चा न्यू व्हेगास घ्या.

आता इंदूरपुरतं. मे-जूनच्या वादळात टिळकनगर काय, रामबाग काय, लाईट जातेच, आणि या मोडमध्ये त्याचा अर्थ शेवटच्या पलंगापर्यंत मागे. म्हणून यूपीएस हवाच. मॉनिटरसकट २५०-३०० वॉट खाणाऱ्या पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं देतो, तेवढ्यात मेन मेन्यूवर बाहेर पडा. तेव्हा एक एक्झिट सेव्ह होतो. तो लोड झाल्यावर पुसला जातो, त्यामुळे परत आल्यावर आधी झोपा.

फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधून ठेवा. फिजिक्स त्याला जोडलेलं आहे, वर गेलं की गेम पळायला लागतो आणि टर्मिनलमधून बाहेर पडताना अडकतो. बेचाळीस डिग्रीत कार्डही त्यामुळे कमी तापतं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६ मालिकेचं किंवा त्यापुढचं कार्ड असेल तर वेपन डेब्रिस (गोळ्यांनी उडणारे तुकडे) बंद करा, नाहीतर गोळीबारात क्रॅश होतो. शहराच्या मध्यभागी फ्रेम पडतात तिथे गॉड रेज (सूर्यकिरणांचे झोत) आणि सावल्यांचं अंतर कमी केल्याने सर्वाधिक फरक पडतो. एप्रिल २०२४ च्या अपडेटने स्क्रिप्ट एक्स्टेंडर या साधनावर चालणारे मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) मोडले होते, तेव्हा मॉड घेताना गेमची आवृत्ती जुळवून पाहा. सुमारे ५८ जीबीचा हाय रेझोल्यूशन टेक्स्चर पॅक १०८० पी स्क्रीनवर डाउनलोड करू नका. ती जागा फार हार्बर या डीएलसीला (वेगळ्या घ्यायच्या जोडभागाला) द्या, सगळ्या डीएलसींमध्ये लिखाण त्यातलंच उत्तम आहे.