उत्सवाच्या रोषणाईसाठी रास्पबेरी पाय आणि फाल्कन प्लेअर: एक परीक्षण

जळगावात रोषणाईचा हंगाम गणेश चतुर्थीला सुरू होतो आणि नवरात्र, दिवाळी ओलांडून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघेपर्यंत चालू राहतो. एवढ्या काळात त्याच माळा, त्याच कमानी आणि तोच कंट्रोलर पुन्हापुन्हा वापरावा लागतो. त्यामुळे मंडळाने एकदा घेतलेले यंत्र कसे निघाले, याचा हिशेब एका उत्सवावरून मांडता येत नाही. आमच्या मंडळाने रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि त्यावर चालणारी, दिवे व गाणी ठरल्या वेळी लावणारी फाल्कन प्लेअर ही मोफत प्रणाली भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत वापरली. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

आपल्याकडचे बहुतेक डेकोरेटर पिक्सेल एलईडीसाठी, म्हणजे ज्यांतल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशा माळांसाठी, टी-१००० एस नावाचा मेमरी कार्डाचा कंट्रोलर लावतात. तो स्वस्त आहे, जवळपास २,००० पिक्सेलपर्यंत चालतो आणि एलईडी एडिट या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेले नमुने एकामागून एक दाखवत राहतो. नुसते फिरते चक्र, लाटा किंवा पळते रंग हवे असतील तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्याला घड्याळ नसते, तो स्वतः आवाज वाजवू शकत नाही, आणि आरतीच्या वेळी शांत रंग, त्यानंतर गाण्यावर चालणारा कार्यक्रम, रात्री दहानंतर आवाजाविना रोषणाई असा दिवसाचा क्रम त्याच्याकडून पाळला जात नाही. त्यासाठी कोणीतरी माणूस मंडपामागे बसवून ठेवावा लागतो, आणि तो माणूस नेमका जेवायला गेलेला असतो.

फाल्कन प्लेअरचे बळ या वेळापत्रकातच आहे. कार्यक्रमांच्या याद्या करून ठेवल्या की कोणती यादी कोणत्या तारखेपासून, किती वाजता सुरू व्हावी आणि केव्हा थांबावी हे एकदाच ठरवता येते. घड्याळाच्या वेळेऐवजी ‘सूर्यास्तापासून’ असेही सांगता येते, कारण गावाचे अक्षांश-रेखांश भरल्यावर सूर्यास्त ही प्रणाली स्वतः काढते. जळगावसाठी आम्ही सुमारे २१ अंश उत्तर आणि ७५.६ अंश पूर्व असे आकडे दिले. भाद्रपदातला सूर्यास्त आणि कार्तिकातला सूर्यास्त यांत बराच फरक पडत असल्याने ही सोय दिसते त्यापेक्षा अधिक उपयोगी ठरली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई असते आणि सवलत फक्त शासनाने ठरवलेल्या मोजक्या दिवशी मिळते. आम्ही आवाजाची यादी दहाला बंद होऊन त्याच क्षणी बिनआवाजाची यादी सुरू होईल अशी व्यवस्था केली, त्यामुळे दहाच्या ठोक्याला होणारी धावपळ आणि पोलिसांशी होणारा संवाद दोन्ही टळले.

जोडणी सांगायला सोपी आहे. फाल्कन प्लेअरची फाइल मेमरी कार्डावर उतरवायची, कार्ड पायमध्ये घालायचे, आणि त्याच नेटवर्कवरच्या मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमधून त्याचे पान उघडायचे. पायला वेगळा पडदा, कळफलक किंवा माऊस लागत नाही. पहिले पान उघडेपर्यंतचे काम संगणकाची जुजबी ओळख असलेला कॉलेजचा मुलगा एका बैठकीत करतो. कार्ड मात्र चांगल्या कंपनीचे आणि खात्रीच्या ठिकाणचे घ्यावे. शहरातल्या एका दुकानातून घेतलेले कार्ड बाहेरून नामांकित कंपनीचे दिसत होते, पण लिहिताना अडखळत राहिले आणि शेवटी बदलावेच लागले.

खरी परीक्षा यानंतर, वायरींमध्ये सुरू होते. पायच्या पिनांवर ३.३ व्होल्टचा संकेत मिळतो, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या, डब्ल्यूएस २८११ ही चिप असलेल्या पिक्सेलला साधारण ३.५ व्होल्ट तरी अपेक्षित असतात. टेबलावर एक माळ लावून पाहिली तर ती कधी नीट चालते, कधी मधूनच भलतेच रंग फेकते, आणि या लहरीपणामुळेच लोक यंत्राला दोष देतात. ७४ एएचसीटी १२५ ही एक छोटी आयसी मध्ये घातली की संकेत ५ व्होल्टला चढतो आणि तक्रार संपते. पायची जमीन (ग्राउंडची वायर) आणि माळांना वीज देणाऱ्या एसएमपीएसची जमीन एकमेकींना जोडलेली असणेही तितकेच आवश्यक आहे. पायपासून पहिली माळ लांब असेल तर मध्ये एक जादा पिक्सेल केवळ संकेत पुढे ढकलण्यासाठी लावावा. फाल्कन प्लेअरमध्ये अशा न मोजायच्या पिक्सेलची नोंद करण्याची सोय आहे.

वीजपुरवठ्याचा हिशेब मंडळाच्या खजिनदाराला आधीच दाखवावा, कारण खर्च तिथेच आहे. पन्नास पिक्सेलची ५ व्होल्टची एक माळ पूर्ण पांढऱ्या रंगात पेटली तर साधारण ३ अँपिअर घेते. अशा बारा माळा म्हणजे ६०० पिक्सेल आणि ३६ अँपिअर, म्हणजेच सुमारे १८० वॅट. कागदावर ५ व्होल्ट, ४० अँपिअरचा एक एसएमपीएस पुरतो, पण त्याला सतत काठोकाठ राबवणे शहाणपणाचे नाही. मंडपाच्या मागच्या कोंदट जागेत, भाद्रपदाच्या उकाड्यात तर मुळीच नाही. आम्ही भार दोन एसएमपीएसवर वाटला आणि प्रत्येक माळेची तीव्रता प्रणालीतूनच एकतृतीयांशाच्या आसपास ठेवली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला एवढा प्रकाश भरपूर होतो, डोळ्यांवर येत नाही आणि वीजही वाचते. माळ लांब झाली की टोकाकडचा पांढरा रंग तांबूस दिसू लागतो. तो पिक्सेलचा दोष नसून वायरीत उतरलेल्या व्होल्टेजचा परिणाम असतो, म्हणून दर दोन माळांनंतर ५ व्होल्टच्या वायरींची जोडी पुन्हा आणून द्यावी लागते. प्रत्येक जोडीला फ्यूज आणि मंडपाच्या मुख्य पुरवठ्याला ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पावसाळ्यातल्या उत्सवात हे काम हाती घेऊ नये.

पिक्सेल किती लावावेत याला संकेताच्या वेगाचीही मर्यादा आहे. एका पिक्सेलची माहिती पोहोचायला ३० मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे सेकंदाला ४० चित्रे हवी असतील तर एका पिनेवर ८०० च्या आसपासच पिक्सेल बसतात. पायच्या दोन पिनांवर थेट माळा चालवता येतात, म्हणून एक कमान, गाभाऱ्यामागचे चक्र आणि दोन खांब यांना एकच पाय पुरतो. इथे एक अडचण सहज लक्षात येत नाही. पिक्सेलसाठी वापरली जाणारी आतली यंत्रणा आणि हेडफोनच्या छिद्रातून आवाज काढणारी यंत्रणा एकच असल्याने दोन्ही एकत्र नीट चालत नाहीत; आवाजासाठी यूएसबीचे छोटे साउंड कार्ड वेगळे लावावे लागते. जळगावच्या गोलाणी मार्केटात फिरल्यास असले किरकोळ सामान मिळून जाते, पिक्सेलच्या माळा मात्र आम्ही बाहेरूनच मागवल्या.

गाण्यावर दिवे नाचवण्याचे काम पायवर होत नाही, ते लॅपटॉपवर एक्सलाइट्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी करून ठेवावे लागते. आपल्या कमानीचा आणि खांबांचा आराखडा त्यात काढायचा, गाण्याच्या ठेक्याच्या खुणा करायच्या, त्यांवर रंगांच्या हालचाली बसवायच्या आणि तयार फाइल पायकडे पाठवायची. सॉफ्टवेअर समर्थ आहे, पण अंगवळणी पडायला वेळ घेते. चार मिनिटांच्या गाण्याला कित्येक संध्याकाळी जातात. या छंदाचे माहेर अमेरिकेत आहे आणि तिथे तो नाताळ व हॅलोविनसाठी जोपासला गेला, त्यामुळे तयार मिळणाऱ्या फाइलीही बहुतांशी त्याच सणांच्या गाण्यांच्या असतात. गणपतीची आरती, देवीचा गोंधळ किंवा खान्देशी लग्नगीत यांच्यासाठी सगळे हातानेच करावे लागते. सूचना आणि मदतीची पानेही इंग्रजीतच आहेत, आणि ज्या मंडळात हे वाचून समजावणारे कोणी नाही त्यांनी हा विचार करूनच पुढे जावे.

आणखी एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ही रोषणाई ध्वनिमुद्रित गाण्याला बांधलेली असते. समोर ढोल-ताशा वाजत असेल किंवा शंभर माणसे आपापल्या लयीत आरती म्हणत असतील तर दिवे त्यांच्यामागे धावू शकत नाहीत. अशा वेळी आम्ही सगळ्या माळा संथ केशरी रंगावर ठेवल्या, आणि माझ्या मते पूर्ण उत्सवात तीच रोषणाई सर्वांत शोभून दिसली. मंडपाची फिटिंग करणाऱ्या, अमळनेरकडच्या आप्पांनी यंत्राकडे पाहून ‘इतली धाकली डबी इतलं काम करस का?’ असे विचारले होते. केशरी रंगावर मात्र त्यांनीही मान डोलावली.

वीज जाण्याच्या बाबतीत या जोडीचे वर्तन पुष्कळसे चांगले आहे. वीज परत आली की पाय स्वतः सुरू होतो आणि वेळापत्रकाप्रमाणे त्या वेळी जे चालू असायला हवे ते लावतो. अट एवढीच की त्याला वेळ ठाऊक असली पाहिजे. पाय ४ पर्यंतच्या कोणत्याही पायमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर तो बंद पडण्याच्या सुमाराची जुनीच वेळ धरून बसतो आणि रोषणाई तेवढी मागे पडते. डीएस ३२३१ हे घड्याळाचे छोटे मोड्यूल लावणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, हेडफोनचे छिद्र त्यात नाहीच, आणि एवढ्या कामासाठी त्याच्या ताकदीची गरजही नाही. वारंवार वीज गेल्याने कार्डावरची माहिती बिघडू शकते, म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पायलाही जोडता आला तर उत्तम. मात्र तो ५ व्होल्ट देणारा आणि निदान अडीच अँपिअरचा असावा. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर पाय चालवू नये.

घराच्या गच्चीला दिवाळीपुरती माळ लावणाऱ्याने या वाटेला जाण्याची आवश्यकता नाही. ईएसपी ३२ या चिपवर डब्ल्यूएलईडी ही मोफत प्रणाली टाकली तर मोबाइलवरून रंग, नमुने आणि वेळ ठरवता येते, तेही बरेच कमी खर्चात. गर्दीच्या रस्त्यावर मात्र वायफायवरून सतत माहिती पाठवून दिवे चालवण्याचा भरवसा धरू नये, कारण शेकडो मोबाइलच्या गजबजाटात ती तुटते. पायमध्ये पूर्ण कार्यक्रम कार्डावरच असल्याने त्याला ही अडचण येत नाही. रथाच्या मार्गावर दूर अंतरावर दोन कमानी असतील तर दोन पाय लावून एकाला मुख्य व दुसऱ्याला अनुयायी करता येते. दोघांकडे आपापली फाइल असते आणि त्यांच्यात फक्त वेळ जुळवण्याचे संदेश जातात.

संगीत, वेळापत्रक आणि काही शेकडो पिक्सेल हे तिन्ही ज्यांना हवे आहेत आणि ज्यांच्याकडे उत्सवाच्या महिनाभर आधी बसणारी दोन तरुण मुले आहेत, त्या मंडळांनी हे अवश्य घ्यावे. ज्यांना नुसते फिरते नमुने हवे आहेत त्यांनी डेकोरेटरकडचा कंट्रोलरच ठेवावा. घेणाऱ्यांनी सगळे जमून आल्यावर कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर करून ती पायच्याच डब्यात, झाकणाच्या आतून चिकटवून ठेवावी.